लिन झेशू : युन्नानमधील एका सरसुभेदाराची कसोटी

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





ज्ञान मिळवण्यासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जावे, हे वचन आपल्या बहुतेक जलशांतून एकदा तरी ऐकायला मिळते. त्याच्या सनदेविषयी आलिम मंडळींत मतभेद आहेत. त्या वादात मी शिरत नाही. परंतु आपले वक्ते हे वचन सांगतात आणि चीनच्या वेशीवरूनच परत फिरतात, आत कोणी जात नाही. आज मी आपल्याला थोडे आत घेऊन जाणार आहे. इतिहासाचा शिक्षक या नात्याने एका चिनी सुभेदाराची हकीगत मी आपल्यापुढे ठेवणार आहे. त्याने आपल्या उतारवयात मुसलमान आणि बिगरमुसलमान यांच्यातील एका भयंकर तंट्याचा निवाडा केला. तो निवाडा अर्धा बरोबर होता आणि अर्धा चुकला. जो अर्धा चुकला, त्याची किंमत पुढे लाखो माणसांनी मोजली.

या सुभेदाराचे नाव लिन झेशू. शाळेत जगाचा इतिहास शिकलेल्यांना हे नाव आठवत असेल. 1839 साली कँटनमध्ये इंग्रज व्यापाऱ्यांकडून अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेऊन त्या चुना, मीठ आणि पाण्याच्या खंदकांत विरघळवून समुद्रात सोडून देणारा हाच तो अधिकारी. त्या काळी माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनकडे जात असे, म्हणजे त्या खंदकांशी आपल्या मुंबईचाही संबंध पोहोचतो. पाठ्यपुस्तकातला लिन येथेच संपतो. अफूचे युद्ध, चीनचा पराभव, हाँगकाँग इंग्रजांकडे, प्रश्नाला गुण पाच! पण माणसाचे आयुष्य पाच गुणांत मावत नाही. लिनच्या आयुष्याचा जो भाग पुस्तकात येत नाही, तोच आज मला सांगायचा आहे.

लिनचा जन्म 1785 साली फुच्यान प्रांतातील फुचौ येथे झाला. वडील गरीब शाळामास्तर. सरकारी परीक्षांची वरची पायरी त्यांना कधी चढता आली नाही, म्हणून मुले शिकवून ते संसार चालवीत. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या पेशातल्या माणसाचा मुलगा पुढे काय करू शकतो हे येथे बसलेल्या शिक्षकांनाही कळावे! त्या काळी चीनमध्ये सरकारी नोकरीचा राजमार्ग परीक्षांतून जात होता. आधी जिल्ह्याची, मग प्रांताची आणि शेवटी राजधानीची परीक्षा. एकेका पायरीवर माणसे म्हातारी होऊन जात. लिन 1811 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाला. पुढे न्यायखाते, पाटबंधारे, दुष्काळनिवारण अशी कामे करीत तो 1832 साली च्यांगसू या श्रीमंत प्रांताचा सुभेदार झाला. लाच न घेणारा आणि स्वतः चौकशी करणारा अधिकारी म्हणून लोकांनी त्याला ‘निरभ्र आकाश’ असे टोपणनाव दिले होते.

येथे चिनी राज्यकारभाराची घडी थोडी समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचे कोडे उलगडणार नाही. बहुतेक प्रांतांना एक सुभेदार असे आणि बहुधा दोन किंवा अधिक प्रांतांवर एक सरसुभेदार असे. दोघांनीही बादशहाला परस्पर अहवाल पाठवायचे, म्हणजे एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवायचे. अधिकाऱ्याला त्याच्या स्वतःच्या प्रांतात नेमायचे नाही, आणि एका जागी फार वर्षे ठेवायचे नाही, असाही नियम होता. नियम चांगला, कारण त्यामुळे नात्यागोत्याचा वशिला चालत नसे. परंतु त्याची दुसरी बाजू अशी की, सुभेदार नेहमी परका असे. त्याला तेथील बोली कळत नसे, माणसे माहीत नसत. खालचा अंमलदार, कारकून आणि गावचे वजनदार लोक जे सांगतील तेच त्याचे डोळे आणि तेच त्याचे कान. सुभेदार कितीही सचोटीचा असला तरी त्याच्या टेबलावर येणारा कागद सचोटीचा असेलच असे नाही.

अफूच्या युद्धाचे खापर बादशहाने लिनच्याच डोक्यावर फोडले. 1840 साली त्याला पदावरून काढले आणि पुढे पार पश्चिमेकडे, आजच्या शिंज्यांगमधील इली येथे हद्दपार केले. जाताजाता पीत नदीचा बांध फुटला होता, तो दुरुस्त करण्याच्या कामाला त्याला लावले. काम झाल्यावर ‘आता पुढे इलीला चला’ असा हुकूम झाला! तीन वर्षे त्याने हद्दपारीत काढली. 1845 साली त्याला शिंज्यांगमधील मुसलमान वस्तीच्या मरूद्यानांतून हिंडून पडीक जमिनीची पाहणी करण्याचे काम मिळाले. तुर्फानच्या बाजूला त्याने करेझ पाहिले. मलिक अंबरच्या नहरी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना करेझ काय ते सांगायला नको. तेही जमिनीच्या पोटातून पाणी खेळवणारेच काम. ते पाहून लिन थक्क झाला आणि त्याने ते आणखी वाढवण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला माफी मिळाली आणि 1847 साली त्याची नेमणूक युन्नान व ग्वैचौ या दोन प्रांतांचा सरसुभेदार म्हणून झाली. वय बासष्ट, प्रकृती खालावलेली.

आता युन्नानकडे वळू. हे युन्नान म्हणजे ज्याच्या नावाने आपले हकीम औषधे देतात ते युनान नव्हे! ते ग्रीस. हे युन्नान चीनच्या अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्रह्मदेशाला लागून असलेला डोंगराळ प्रांत. येथे तांब्याच्या व चांदीच्या खाणी, खेचरांचे तांडे आणि अनेक जमातींची वस्ती. तेराव्या शतकात कुबलाई खानाने हा प्रांत नीट बसवण्यासाठी 1274 साली जो सुभेदार पाठवला तो बुखाऱ्याच्या घराण्यातला मुसलमान होता. त्याचे नाव सय्यद अजल शम्सुद्दीन उमर. त्याने कालवे काढले, मशिदी बांधल्या आणि कन्फ्यूशियसचे मंदिरही बांधले. 1279 साली तो युन्नानमध्येच वारला आणि तेथेच त्याची कबर झाली. त्याच्या काळापासून तेथे स्थायिक झालेल्या मुसलमानांना हुई म्हणतात. बोली चिनी, पोशाख चिनी, नावे चिनी, फक्त दीन वेगळा. खाणी आणि तांड्यांचा व्यापार यांत ते पुढे होते.

अठराव्या शतकात मध्य चीनमधून हान लोकांचे लोंढे युन्नानमध्ये येऊ लागले. खाणींतील धातू कमी होत चालला आणि खणणारे वाढत गेले. जेथे भाकरी आटते तेथे भांडणाला निमित्त लागत नाही. खाणीवर हाणामारी झाली की हान म्हणत, हुईंनी केली; हुई म्हणत, हानांनी केली. सरकारी अंमलदार बहुधा संख्येने मोठ्या बाजूकडे झुकत.

1845 साली युन्नानच्या पश्चिमेला युंगचांग शहरी, ज्याला आज बाओशान म्हणतात, हा वणवा पेटला. जवळच्या बाजाराच्या गावी किरकोळ तंटा झाला, मशीद जाळली गेली, मग बाहेरून हुई टोळ्या सूड घ्यायला आल्या, लढाया झाल्या. दोष दोन्हीकडे होता. परंतु त्यानंतर जे घडले त्याला तंटा म्हणता येणार नाही. शहराच्या आत राहणारे हुई बाहेरच्या हल्लेखोरांना सामील आहेत, असा संशय घेऊन अंमलदारांच्या संमतीने हान टोळ्यांना ऑक्टोबरमध्ये एका रात्री शहरात सोडण्यात आले. उजाडेपर्यंत शहरातील हुई वस्ती उरली नाही. पुढे हुई अर्जदारांनी मृतांचा आकडा आठ हजारांच्या वर सांगितला.

त्या वेळचा सरसुभेदार ह चांगलिंग हा काही अडाणी किंवा दुष्ट माणूस नव्हता. राज्यकारभारावरील निबंधांचा एक प्रचंड संग्रह त्याच्या नावावर आहे आणि विद्वान मंडळींत त्याचा मोठा लौकिक होता. पण खालून आलेला कागद त्याने खरा मानला. शहरातील हुई फितूर होते, म्हणून मारले गेले, असे त्या कागदात लिहिले होते आणि तेच त्याने वर कळवले. पुढे खरे बाहेर आल्यावर त्याचे पद गेले. विद्वत्ता आणि चौकशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

त्या रात्रीतून ज्यांचे घरदार बुडाले त्यांत दू वेनश्यू नावाचा एक तरुण होता. शिकलेला, सरकारी परीक्षेची पहिली पायरी चढलेला. त्याने काय केले? तलवार उचलली नाही. त्याने अर्ज लिहिला. चीनमध्ये अशी सोय होती की, प्रांतात न्याय मिळाला नाही तर रयतेतील कोणीही राजधानीत जाऊन दाद मागू शकतो. दू आणि त्याचे काही सोबती दोन हजारांहून अधिक किलोमीटरचा पल्ला तुडवीत पेकिंगला गेले आणि 1847 साली त्यांनी आपली फिर्याद दाखल केली. फिर्याद ऐकली गेली, हे मान्य केले पाहिजे. बादशहाने हुकूम केला की नव्या सरसुभेदाराने, म्हणजे लिन झेशूने, याचा कसून तपास करावा.

मित्रहो, कल्पना करा. एकीकडे घरदार गमावलेला, हातात कागद घेऊन उभा असलेला एक तरुण. दुसरीकडे देशात न्यायी म्हणून गाजलेला, स्वतः हद्दपारीचा अन्याय सोसलेला एक वृद्ध अधिकारी. यापेक्षा चांगला योग कोणता?

लिनने येताच आपले सूत्र ठरवले आणि ते बादशहाला लिहून कळवले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, शेतात पीक आणि तण एवढेच पाहावे. कोण हान आणि कोण हुई हे पाहू नये. गुन्हा करणारा कोणत्याही जमातीचा असो, त्याला शिक्षा. न करणारा कोणत्याही जमातीचा असो, त्याला अभय. हे सूत्र आज आपल्याला सोपे वाटते. पण त्या काळच्या दप्तरांतून एखाद्या गावच्या सगळ्या हुईंना सरसकट बंडखोर म्हटलेले आढळते. त्या पार्श्वभूमीवर हे सूत्र लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती.

लिनने युंगचांगमधील आरोपी व साक्षीदार राजधानी कुनमिंगला आणण्याचा हुकूम सोडला. तेथील हान टोळ्यांनी वाटेत आडवे येऊन आरोपी सोडवले, कचेरी जाळली, तुरुंग फोडला आणि शहरात जे थोडे हुई उरले वा परतले होते त्यांच्यावर पुन्हा हात टाकला. आता हा नुसता जमातींचा तंटा राहिला नाही, ते सरकारविरुद्ध उघड बंड झाले. 1848 सालच्या आरंभी लिन स्वतः फौज घेऊन पश्चिमेकडे निघाला. वाटेत मिदू या गावी हुई टोळ्यांनी दंगल केली होती. तेथे त्याने कठोरपणे शस्त्र चालवले आणि पुष्कळ हुई मारले गेले. पुढे त्याची फौज येते आहे असे पाहून युंगचांगचे हान पुढारी नमले. त्यांनी गुन्हेगार हवाली केले. शेकडो लोक पकडले गेले, म्होरक्यांना देहांत शिक्षा झाली. दोन्ही बाजूंच्या दोषींना शासन झाले. सूत्र पाळले गेले. बादशहाने लिनला मानाचा किताब दिला.

इथवरची गोष्ट सांगून मी खाली बसलो तर आपण टाळ्या वाजवाल. पण गोष्ट अजून संपलेली नाही. खरा प्रश्न आता सुरू होतो.

युंगचांगचे जे हुई वाचले, त्यांचे काय करायचे? त्यांची घरे, दुकाने, शेते शहरात व आसपास होती. ती आता इतरांच्या ताब्यात होती. परत आणून बसवावे तर हान पुन्हा उठतील, अशी धास्ती. लिनने तोड काढली. वाचलेली सुमारे दोनशे हुई कुटुंबे शहरापासून दूर, सालवीन नदीच्या अंगाला ग्वाननायशान नावाच्या डोंगराळ जागी नेऊन वसवायची. जागा दुर्गम, हवा रोगट, हिवतापाची. कागदावर ही व्यवस्था नीटनेटकी होती. दोन्ही जमाती एकमेकींपासून दूर, भांडण नाही, अहवाल पूर्ण. परंतु न्यायाच्या तराजूत टाकून पाहा. ज्यांनी कत्तल केली त्यांच्या म्होरक्यांना शिक्षा झाली खरी, पण त्यांच्या जमातीकडे शहर राहिले. ज्यांची कत्तल झाली त्यांना डोंगर मिळाला. आठ हजार माणसे गमावलेल्या फिर्यादीला शेवटी निकालात मिळाले काय? हद्दपारी!

ज्या माणसाने स्वतः विनाअपराध हद्दपारी भोगली, त्याच्या हातून हे घडावे, हे मला या कथेतील सर्वांत दुःखाचे वाटते. त्याने असे का केले असावे? माझ्या अल्प मतीप्रमाणे कारण असे. शिक्षा देताना लिन एकेका माणसाकडे पाहत होता. शांतता राखताना मात्र तो जमातींकडे पाहू लागला. शिक्षेच्या वेळी त्याने विचारले, तू काय केलेस? वस्तीच्या वेळी त्याने विचारले, तुम्ही कोण? आणि ज्या क्षणी हा दुसरा प्रश्न आला, त्या क्षणी त्याचे सूत्र त्याच्याच हातून निसटले. त्याची अडचण खरी होती. फौज किती दिवस तेथे ठेवायची? खजिन्यात पैसा कोठला? कत्तलीनंतर अन्यायग्रस्त दुबळे असतात आणि अन्याय करणारे संख्येने मोठे असतात. दुबळ्याला हलवणे स्वस्त पडते. जगातील पुष्कळ अधिकारी शांतता अशीच विकत घेतात, आणि किंमत दुबळ्याच्या खिशातून देतात.

लिन 1849 साली आजारपणामुळे निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी दक्षिणेत बंडाळी वाढली म्हणून बादशहाने त्याला पुन्हा बोलावले. तो आजारीच निघाला आणि नोव्हेंबर 1850 मध्ये वाटेतच, क्वांगतुंग प्रांतात, वारला. चीनमध्ये त्याचा आजही मोठा मान आहे, न्यूयॉर्कच्या चिनी वस्तीतही त्याचा पुतळा उभा आहे. तो मान अफूच्या खंदकांबद्दल आहे, आणि योग्यच आहे.

पण युन्नानमध्ये त्याने ठेवलेली शांतता किती टिकली? जेमतेम सात-आठ वर्षे. खाणींवरचे तंटे पुन्हा पेटले. आता लिनसारखा कोणी तेथे नव्हता. मे 1856 मध्ये सुभेदार शूशिंगआ याच्या कारकीर्दीत अंमलदारांच्या आशीर्वादानेच खुद्द कुनमिंगमध्ये हुईंची कत्तल झाली. तीन दिवस ती चालली आणि हजारो माणसे मेली. त्यावर प्रांतभर हुई उठले. सरसुभेदार हेंगचुन त्या वेळी ग्वैचौमध्ये दुसऱ्या बंडात गुंतला होता. तो परतला तेव्हा फार उशीर झाला होता. 1857 साली हुईंनी कुनमिंगला वेढा घातला, तेव्हा त्याने आणि त्याच्या पत्नीने गळफास घेऊन जीवन संपवले. 1863 साली आणखी एक सरसुभेदार, पान द्वो, कुनमिंगमध्येच मारला गेला. लिन गेल्यावर त्याच्या खुर्चीची ही दशा झाली.

आणि 1856 साली पश्चिमेकडचे दाली शहर घेऊन तेथे स्वतंत्र राज्य मांडणारा सेनापती कोण होता, ठाऊक आहे? तोच, अर्ज घेऊन पेकिंगला गेलेला दू वेनश्यू. नऊ वर्षांपूर्वी ज्याच्या हातात कागद होता, त्याच्या हातात आता तलवार होती. त्याच्या राज्यात हुईंबरोबर हान आणि इतर जमातींचे अधिकारीही होते. मनातून तो अजूनही त्या सूत्राच्या शोधात असावा असे वाटते. हे राज्य सोळा वर्षे टिकले.

शेवटी ज्याने ते मोडले तो युन्नानचा सुभेदार त्सेन युयिंग. हा परीक्षांच्या वाटेने नव्हे, तर गावची शिबंदी उभारून लढत लढत वर आलेला माणूस होता. 1868 साली तो सुभेदार झाला. हुईंपैकीच मा रूलुंग नावाचा सरदार 1862 पासून सरकारला मिळाला होता. त्याच्या मदतीने त्सेनने एकेक ठाणे घेतले. 1872 मध्ये दालीला वेढा पडला. शहरातील लोकांचे प्राण वाचावेत म्हणून दू वेनश्यू विष घेऊन पालखीतून शत्रूच्या छावणीत गेला आणि तेथे त्याचे शिर कापण्यात आले. शहर मात्र वाचले नाही. शरण आलेल्या सरदारांना मेजवानीला बोलावून मारण्यात आले आणि मग शहरात कत्तल झाली. जे निसटले ते ब्रह्मदेशात गेले. मंडालेमध्ये ‘पंथे’ मुसलमानांची मशीद आजही त्यांची आठवण देते.

आणखी एका व्यक्तीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मा देशिन, ज्यांना युसुफ म्हणत. हे युन्नानचे थोर आलिम. 1841 साली ते हजला निघाले, ब्रह्मदेशातून कलकत्त्याला येऊन जहाजाने गेले, कैरो व इस्तंबूल पाहून 1849 साली परतले. चिनी भाषेत त्यांनी अनेक ग्रंथ लिहिले, कुराणाचे भाषांतरही सुरू केले होते. बंडात सुरुवातीला ते पुढारी होते, नंतर मात्र रक्तपात थांबावा म्हणून त्यांनी आयुष्यभर समेटाचे प्रयत्न केले. बंड मोडल्यावर 1874 साली, ऐंशीच्या घरात असताना, त्सेन सुभेदाराने त्यांनाही ठार करवले. समेट करणाऱ्या वृद्धालाही त्याने ‘तुम्ही कोण’ हाच प्रश्न विचारला होता.

कोणी असा गैरसमज करून घेऊ नये की या युद्धात एकच जमात भरडली गेली. हान गावेही जळाली, इतर जमातीही उद्ध्वस्त झाल्या. बंडखोरांनीही निरपराध मारले. सतरा-अठरा वर्षांत लढाई, उपासमार आणि रोगराई यांनी प्रांत ओस पडला. बंड धर्मासाठी झाले, असे काही जण लिहितात. मला तसे वाटत नाही. न्याय मागायला गेलेल्या माणसाला अर्धाच न्याय मिळाला आणि उरलेला अर्धा त्याने स्वतः घ्यायचे ठरवले, असे मला वाटते. त्याने घेतला तो मार्ग बरोबर होता असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, 1847 साली त्याच्या हातात अर्ज होता, ही गोष्ट इतिहासाने विसरू नये.

आता आपण म्हणाल, मास्तर, ही सुभेदारांची कथा आम्हाला कशाला? आमच्याकडे ना फौज, ना किताब. म्हणून शेवटी स्वतःची एक गोष्ट कबूल करतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गातून सहलीचे पैसे नाहीसे झाले. वर्गात गावची मुले होती आणि काही वसतिगृहातली. मी फारसा विचार न करता वसतिगृहातल्या मुलांच्या ट्रंका उघडायला लावल्या. का? ती गरीब होती, बाहेरची होती आणि त्यांच्यासाठी भांडायला येणारे आईबाप जवळ नव्हते. दोन दिवसांनी पैसे स्टाफरूममधल्या कपाटात, हजेरीपटाच्या मध्ये सापडले. ठेवणारा मीच होतो! मी वर्गाला सांगितले, “पैसे मिळाले.” त्या मुलांना एकेकट्याला बोलावून “वाईट वाटून घेऊ नकोस” असेही म्हटले. पण ज्या वर्गासमोर त्यांच्या ट्रंका उघडल्या, त्या वर्गासमोर मी माझी चूक बोललो नाही. त्यांपैकी एक मुलगा गणितात हुशार होता, प्रश्न विचारला की पहिला हात त्याचा वर जात असे. त्या दिवसानंतर वर्षअखेरपर्यंत त्याने हात वर केला नाही. अर्धा न्याय मीही केला होता. चोरी कोणी केली हे मी विचारलेच नव्हते. मी विचारले होते, तुम्ही कोण?

पुढे लिन झेशूची हकीगत वाचली तेव्हा मला तो हात आठवला. त्या मुलाने तलवार उचलली नाही, फक्त हात खाली घेतला. पण ज्याच्या हातून अर्ज परत गेला तो सगळा समाजच एक दिवस हात खाली घेतो, आणि मग कोणत्याही सुभेदाराला त्याच्या मनातले ऐकू येत नाही.

आपल्या संस्थेच्या शाळांतून उद्या तलाठी, पोलीस अधिकारी, वकील, न्यायाधीश आणि शिक्षक बाहेर पडतील. त्यांच्या टेबलावर कागद येतील, कधी आपल्या माणसांचे, कधी परक्यांचे. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. निवाडा करताना पीक आणि तण पाहा, कोणाचे शेत ते पाहू नका. हे लिनने शिकवले. आणि निवाडा झाल्यावर ज्याचे घर गेले त्याला त्याचे घर परत मिळाले की नाही, हे जाऊन पाहा; हे त्याच्या चुकीने शिकवले. गुन्हेगाराला शिक्षा झाली म्हणजे न्यायाचा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा भाग फिर्यादीच्या दारात जाऊन पुरा करावा लागतो.